आठची मीटिंग नेमकी कुणाच्या सोयीची?

ताई,

मी 51 वर्षांचा आहे. ऑफिसात 14 जणांची टीम सांभाळतो. हिशेब तपासणं, अहवाल तयार करणं असं डोक्याचं काम आहे. मी पहाटे साडेचारला गजर न लावता उठतो आणि आठच्या ठोक्याला खुर्चीत असतो. सव्वाआठला रोज टीमची मीटिंग असते, ती मीच सुरू केली. टीममध्ये 26 वर्षांचा एक मुलगा आहे. त्याच्या कामात चूक शोधूनही सापडत नाही, पण सकाळच्या मीटिंगला तो नुसता देहाने हजर असतो. डोळे लाल, एकच प्रश्न दोनदा विचारावा लागतो. महिन्यातून तीन-चारदा उशीरही होतो. लवकर झोपत जा, असं समजावलं तर म्हणतो, 'सर, दहाला आडवा होतो, पण एकपर्यंत झोपच लागत नाही.' मला हे पटत नाही. मोबाइल लांब ठेवला की कुणालाही झोप लागते. विशीत मीही सूर्यवंशीच होतो, पण स्वतःला वळण लावलं.

आता एचआरच्या बाईंनी टूम काढली आहे की ज्याच्या त्याच्या शरीराच्या घड्याळाप्रमाणे कामाच्या वेळा द्याव्यात. मला हे लाड वाटतात. उद्या सगळेच बाराला उगवतील. पुढच्या महिन्यात वार्षिक मूल्यमापन आहे. शिस्तीच्या रकान्यात त्याला कमी गुण द्यावेत असं मनात आहे. चुकतंय का माझं?

— पहाटेचा माणूस

नमस्कार दादा,

मूल्यमापन तोंडावर आहे म्हणून त्याचं आधी सांगते. गुण कापू नका. कामात चूक सापडत नाही असं तुम्हीच लिहिलंय. मग कापायचे कशाचे? उशीर झालेल्या तीन-चार दिवसांबद्दल त्याच्याशी वेगळं बोला, तो तुमचा हक्क आहे. पण सव्वाआठला चेहरा ताजा नसतो, हा कामातला दोष नव्हे.

या बाबतीत तुम्ही एकटे नाही. 2014 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांचा याच विषयावरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कामाचे तास तेवढेच असले, तरी दिवस लवकर सुरू करणारा कर्मचारी वरिष्ठांना जास्त कर्तव्यदक्ष वाटतो आणि उशिरा सुरू करणाऱ्याला ते कमी लेखतात, असं त्यात दिसलं. त्यातला मला सगळ्यात रंजक वाटलेला भाग पुढेच आहे. हा पूर्वग्रह दिसला तो स्वतः सकाळी तरतरीत असणाऱ्या वरिष्ठांमध्ये. रात्री जागणाऱ्या वरिष्ठांच्या बाबतीत तो जवळपास नव्हताच. म्हणजे साहेब कधी उठतो यावर हाताखालच्या माणसाची शिस्त ठरत होती. तुम्ही पहाटे साडेचारला उठता. तेव्हा 'शिस्त' हा रकाना भरताना हा अभ्यास एकदा आठवा, एवढंच म्हणेन.

आता त्या मुलाच्या बोलण्याकडे येते. दहाला आडवा होतो आणि एकपर्यंत झोप लागत नाही, हे तुम्हाला बहाणा वाटतं. मला ते अगदी खरं वाटतं.

झोप दोन गोष्टींवर ठरते. जागेपणाचे तास वाढतात तसा झोपेचा दाब साठत जातो, ही एक. आणि दुसरी म्हणजे मेंदूतलं घड्याळ. दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या जरा वर सुमारे 20 हजार पेशींचा एक बारीकसा पुंजका असतो. दिवसभराचा सगळा ताल तो सांभाळतो. झोपेची ही दुहेरी मांडणी स्वित्झर्लंडमधल्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी 1982 मध्ये केली आणि अजूनही अभ्यासक तिथूनच सुरुवात करतात. गंमत अशी की घड्याळ आपल्याला जागं ठेवण्यासाठी सगळ्यात जास्त जोर लावतं ते संध्याकाळी, नेहमीच्या झोपेच्या दोन-तीन तास आधी. दिवसभराचा दाब साठत आलेला असतो, त्याला तोंड द्यायला घड्याळही नेट लावतं. मग त्याचा जोर ओसरतो, रात्र झाल्याचा निरोप शरीराला देणारं मेलाटोनिन हे संप्रेरक वाढू लागतं आणि झोपेचं दार उघडतं. इस्राएलमधल्या पेरेट्झ लावी यांनी 1986 मध्ये एक प्रयोग केला. माणसांना 7 मिनिटं झोपायला द्यायची, मग 13 मिनिटं जागं ठेवायचं, आणि हेच तासन् तास चालू ठेवायचं. आदली रात्र जागून काढलेल्या थकलेल्या माणसांनाही संध्याकाळच्या त्या ठरावीक टप्प्यात झोप लागेना. लावींनी त्या टप्प्याला झोपेचा निषिद्ध काळ म्हटलं.

तुमच्या या मुलाला एकला झोप लागते. मग त्याचा निषिद्ध काळ केव्हा असणार? साधारण दहा ते बारा. नेमक्या त्याच वेळी तुम्ही त्याला अंथरुणावर पाठवताय. तुम्हाला कुणी संध्याकाळी सहाला दिवे मालवून झोपायला सांगितलं तर काय होईल? पडून राहाल, छताकडे बघाल, चिडाल. तो रोज तेच करतोय, आणि वर अपराधी वाटून घेतोय ते वेगळंच. अंथरुणात असं तळमळत पडणं वारंवार झालं, की अंथरूण म्हणजे जागरण अशी सवय मनाला लागते आणि मग खराखुरा निद्रानाश मागे लागू शकतो. म्हणून 'लवकर झोपत जा' हा सल्ला कृपा करून मागे घ्या. त्याने पाळायचा प्रयत्न केला, तिथेच तर गाडं अडलंय.

सकाळचं गणितही पाहा. शरीराचं तापमान चोवीस तासांत एकदा तळाला जातं. आपण आपल्या मर्जीने जागे होतो त्याच्या साधारण दोन-तीन तास आधी. सावधपणाही त्याच सुमारास नीचांकी असतो. समजा गजर नसेल तर हा मुलगा साडेनऊला उठतो. म्हणजे त्याचा तळ सातच्या आसपास आला. सव्वाआठच्या मीटिंगसाठी तो साडेसहाला उठत असेल, तर शरीराच्या हिशेबाने तो मध्यरात्र उलटल्यावर उठून तुमच्यासमोर येतोय. तुमचा तळ पहाटे दोनलाच होऊन गेलेला असतो. सव्वाआठला तुमचा दिवस निम्म्यावर आलाय, त्याचा उजाडतोय. एकाच टेबलाशी बसलेली दोन माणसं, पण घड्याळं दोन.

हे घड्याळ म्हणजे कविकल्पना नाही, हेही सांगायला हवं, कारण 'टूम' हा शब्द तुम्ही वापरलात. फळमाशीत या घड्याळाचं जनुक रोनाल्ड कोनोप्का आणि सीमोर बेन्झर यांनी 1971 मध्ये दाखवून दिलं. त्याची यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना 2017 चं नोबेल मिळालं. माणसाच्या घड्याळाची फेरी सरासरी 24 तास 11 मिनिटांची असते, असं 1999 मध्ये अमेरिकेतल्या प्रयोगात दिसलं. ही 11 मिनिटं रोज उजेडाच्या मदतीने छाटावी लागतात. कुणाचं घड्याळ जरा भरभर चालतं, कुणाचं रेंगाळतं. तुमचं आणि त्याचं वेगळं आहे, याचं श्रेय तुम्हाला नाही आणि दोष त्याला नाही.

'विशीत मीही सूर्यवंशी होतो, मग वळण लावलं.' हे वाक्य वाचून मला थोडं हसू आलं, राग मानू नका. माणसाचं घड्याळ आयुष्यभर एका जागी नसतं. लहान मुलं सकाळची असतात. वयात येताना घड्याळ पुढे सरकू लागतं, विशीच्या आसपास ते सर्वांत उशिरावर असतं आणि मग वर्षागणिक हळूहळू परत लवकरकडे येतं. पुरुषांत तर तरुणपणीचा हा उशीर बायकांपेक्षा सरासरी जरा जास्तच असतो. तुम्ही स्वतःला वळण लावलंत यात शंका नाही. पण त्या वळणाच्या बरोबरीने तुमचं वयही त्याच दिशेने ढकलत होतं. पंचविशीतल्या मुलाला पन्नाशीतल्या माणसाच्या पहाटेशी ताडून पाहणं बरोबर नाही. हाच विचार शाळांच्या बाबतीत कायद्यापर्यंत पोचला आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्ये किशोरवयीन मुलांच्या शाळा साडेआठच्या आत भरवू नयेत असं सुचवलं आणि कॅलिफोर्नियात 2022 पासून तिथल्या बहुतेक हायस्कूलना तसा कायदाच लागू झाला. शाळा उशिरा भरवणाऱ्यांना कुणी मुलांचे लाड करतात असं म्हटलंच असेल, पण निर्णय झाला तो झाला.

आता तुमची बाजूही घेते. सगळं जन्मतःच ठरलेलं असतं असं समजू नका, आणि त्या मुलालाही समजू देऊ नका. जवळपास 7 लाख लोकांच्या जनुकांचा एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. सकाळ-संध्याकाळच्या कलाशी जोडलेल्या 351 जनुकीय जागा त्यात सापडल्या. पण सकाळकडे झुकवणाऱ्या खुणा सगळ्यात जास्त असलेली 5 टक्के माणसं आणि सगळ्यात कमी असलेली 5 टक्के माणसं यांच्या झोपेच्या वेळेत सरासरी फरक निघाला फक्त 25 मिनिटांचा. वय, उजेड आणि राहणी यांचाही त्यात मोठा वाटा असतो. कोलोरॅडोत काही माणसांना आठवडाभर तंबूत ठेवलं. दिवसा ऊन, रात्री फक्त शेकोटी, विजेरीसुद्धा नाही. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात सगळ्यांची घड्याळं सरासरी दोन तास अलीकडे आली, आणि सगळ्यात जास्त सरकली ती रात्री जागणाऱ्यांची. तेव्हा मोबाइलवरचा तुमचा राग अगदीच अनाठायी नाही. फक्त मोबाइल हा त्यातला छोटा भाग आहे. दिवसभर बंद खोलीत मिणमिणत्या उजेडात काम आणि रात्री घरभर लख्ख दिवे, हे जास्त नडतं. रात्रीचा उजेड घड्याळ पुढे ढकलतो, सकाळचा मागे ओढतो.

इथे एक मेख आहे, आणि उत्साही सल्लागार हमखास तिथेच अडखळतात. उजेड घड्याळाला कोणत्या बाजूला ढकलणार, हे तापमानाच्या त्या तळावर ठरतं. तळ होऊन गेल्यावरचा उजेड घड्याळ अलीकडे आणतो. तळाच्या आधीचा उजेड उलट ते आणखी उशिराकडे ढकलतो. ज्याचा तळ सातला आहे, त्याला सकाळी सहाच्या उजेडात फिरायला पाठवलं, तर तो लवकर झोपू लागण्याऐवजी आणखी उशिरा झोपू लागेल. त्याला आधी त्याच्या वेळेपर्यंत झोपू द्यायला हवं. उठल्या उठल्या अर्धा तास बाहेरच्या उजेडात जाऊ द्यायचं, आणि मग दर दोन-तीन दिवसांनी उठायची वेळ पंधरा-वीस मिनिटं अलीकडे आणायची. म्हणजे उद्या तो सकाळचा माणूस व्हावा असं तुम्हाला वाटत असेल, तरी त्यासाठी काही आठवडे त्याला उशिरा यायची मुभा द्यावीच लागेल. मेलाटोनिनच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने कुणी घेऊ नयेत. त्यातही वेळेलाच महत्त्व असतं आणि चुकीच्या वेळी घेतलेली गोळी कामाची नाही.

कॉफीचं थोडक्यात सांगते. सकाळी झोप उडवायला कॉफी, दुपारी पेंग आली म्हणून कॉफी, संध्याकाळी काम उरलं म्हणून आणखी एक. शरीरातलं कॅफीन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. झोपेच्या तीन तास आधी दोन कप कॉफीइतकं कॅफीन घेतलं, तर घड्याळ सुमारे 40 मिनिटं पुढे सरकतं, असं 2015 मध्ये प्रयोगातून दिसलं. तुमची सव्वाआठची मीटिंग त्याला कॉफीकडे ढकलते आणि कॉफी त्याला एक वाजताच्या झोपेकडे. हे चक्र कुठेतरी तोडायचं तर मीटिंग तोडणं सोपं.

तेव्हा एचआरच्या बाईंच्या सूचनेबद्दल. हे नवं नाही. कामाच्या लवचिक वेळा 1967 मध्येच म्युनिकजवळच्या ओटोब्रुन इथल्या एका विमान कंपनीने सुरू केल्या होत्या. दिवसाचा मधला भाग सगळ्यांनी हजर राहायचं, बाकीचे तास आपल्या सोयीने आधी किंवा नंतर भरायचे. कारण शरीराचं घड्याळ वगैरे काही नव्हतं, सकाळी फाटकाशी होणारी गाड्यांची कोंडी होती. पण पद्धत टिकली आणि जगभर पसरली. शरीराच्या घड्याळाचा थेट विचार करून पाळ्या लावायचा प्रयोगही झालाय. जर्मनीतल्या एका पोलाद कारखान्यात सकाळच्या माणसांना रात्रपाळीतून आणि रात्रीच्या माणसांना सकाळपाळीतून वगळलं. 2015 मध्ये निष्कर्ष आले. कामाच्या दिवसांतली झोप वाढली आणि तिचा दर्जा सुधारला. मात्र रात्री जागणाऱ्यांनाही रात्रपाळी फारशी मानवली नाही, हेही त्यात दिसलं. रात्री जागणारा म्हणजे रात्रभर राबायला लायक, असा अर्थ कुणी काढू नये. तुमच्याकडे रात्रपाळी नाही, म्हणून तो विषय सोडते.

'उद्या सगळेच बाराला उगवतील' ही तुमची भीती मी समजू शकते, पण ती खरी ठरेल असं मला वाटत नाही. माणसांची घड्याळं उंचीसारखी असतात, बहुतेक मधल्या मापाची, फार उंच आणि फार बुटकी थोडी. तुमच्या 14 जणांपैकी दोघे-तिघे तुमच्यासारखे निघतील, त्यांना सातलासुद्धा यायला आवडेल. दोघे-तिघे त्या मुलासारखे असतील. उरलेले नऊ-साडेनऊच्या आसपास स्थिरावतील. म्हणजे 14 जणांना 14 वेळापत्रकं लागत नाहीत. आजची अडचण आठ वाजता ऑफिस उघडण्यात नाहीच, सव्वाआठला सगळ्यांनी बोलायला हवं या हट्टात आहे. ती मीटिंग तुमच्या सगळ्यात चांगल्या वेळी ठेवलीय. साहजिक आहे, ठरवणारे तुम्हीच होतात.

माझं म्हणणं असं. मीटिंग अकराला न्या. अकरा ते तीन सगळ्यांनी हजर राहायचं. बाहेरच्यांचे फोन, एकमेकांना विचारायच्या गोष्टी, एकत्र बसायची कामं याच वेळात. बाकीचे तास ज्याने त्याने सात ते अकराच्या दरम्यान कधीही येऊन भरावेत. फक्त एक अट कडक ठेवा, एकदा निवडलेली वेळ निदान तीन महिने बदलायची नाही. आज आठला, उद्या अकराला, परवा नऊला असं चाललं तर शरीराच्या घड्याळाला त्याचा काडीचा उपयोग नाही. उलट तेच बिघडतं.

वेळा ठरवताना कुणाचं शरीर कसं आहे याच्या नोंदी करू नका. एचआरच्या बाई बहुधा एखादी प्रश्नावली काढतील. अशा प्रश्नावल्या चांगल्या आहेत. हॉर्न आणि ऑस्टबर्ग यांची 19 प्रश्नांची 1976 पासून वापरात आहे. ज्याला स्वतःबद्दल कुतूहल असेल त्याने घरी भरावी. पण ऑफिसच्या फायलीत 'हा रात्रीचा' असा शिक्का बसला, की तो माणसाच्या मागे दहा वर्षं फिरतो. पुढे त्याचं घड्याळ वयाने बदललं तरी शिक्का बदलत नाही. शिवाय उशिरा यायचं कारण घड्याळच असेल असं नाही. कुणाला सकाळी घरातल्या आजारी माणसाचं करावं लागतं, कुणाला मुलांना सोडायचं असतं. तुम्ही वेळ विचारा, कारण विचारू नका. बोलायचंच झालं तर एवढंच विचारा की डोक्याचं अवघड काम तुझ्याकडून कोणत्या वेळी सगळ्यात चांगलं होतं. मग ते काम त्या वेळी त्याच्या वाट्याला येईल असं बघा. आकडे तपासायचं काम माणसाच्या पडत्या वेळी दिलं, तर चुका होतात आणि मग त्या शोधायला दुसऱ्या कुणाचा तरी वेळ जातो.

त्या मुलाला स्वतःचा अंदाज घ्यायचा असेल, तर एक सोपा हिशेब सांगा. सुट्टीच्या दिवशी गजराविना झोपतो कधी, उठतो कधी, त्याचा मध्य काढायचा. रात्री दोन ते सकाळी दहा असेल तर मध्य सहा. कामाच्या दिवशी साडेबारा ते साडेसहा असेल तर मध्य साडेतीन. फरक अडीच तास. आठवडाभराचं झोपेचं देणं सुट्टीला फेडलं जातं, म्हणून हा आकडा थोडा फुगलेला असतो, पण अंदाज येतो. म्युनिकच्या टिल रोनेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये या फरकाला सोशल जेटलॅग असं नाव दिलं. दर शुक्रवारी दोन-तीन देश ओलांडून पश्चिमेला जायचं आणि सोमवारी पहाटे परत यायचं, तशी शरीराची अवस्था होते. विमानाचं तिकीट न काढता.

ही व्यवस्था बिघडते कुठे, तेही सांगते, कारण तुम्ही ती लावलीत तर दोनच महिन्यांत तिथे पोचाल. उशिरा येणाऱ्यांकडून नाही, लवकर येणाऱ्यांकडून तक्रार येईल. सातला आलेला माणूस तीन-साडेतीनला मोकळा व्हायला हवा. पण चारला एखादा त्याला 'जरा बघ ना' म्हणतो, साडेपाचला दुसऱ्याचा फोन येतो आणि तो बिचारा सात ते सात राबतो. लवकर येणाऱ्याचं लवकर जाणं सगळ्यांच्या डोळ्यांवर येतं, त्याचं लवकर येणं बघायला मात्र कुणीच नसतं. तेव्हा तीननंतर जाणाऱ्याला अडवायचं नाही आणि अकराच्या आत न आलेल्याला फोन करायचा नाही, हे दोन्ही एकाच दमात जाहीर करा आणि स्वतः पाळा. साहेबानेच आठला फोन फिरवला, तर कागदावर काय लिहिलंय याला अर्थ उरत नाही.

तीन महिन्यांनी मोजायचं काय? आल्याची वेळ सोडून बाकी काहीही. चुका किती, काम परत किती आलं, मुदती किती चुकल्या, आजारपणाच्या रजा किती. फरक पडला नाही तर पूर्वीच्या वेळा परत आणा, मी काही म्हणणार नाही. पण तेव्हा तुमच्या हातात आकडे असतील, नुसता लाल डोळ्यांवरचा राग नव्हे.

एक शक्यता बाजूला काढून ठेवते. हे सगळं करूनही, त्याच्या वेळेने सात-आठ तास झोप मिळूनही तो मुलगा पेंगत असेल, बसल्या जागी डोळा लागत असेल किंवा झोपेत मोठ्याने घोरत, मध्येच श्वास अडकत असेल, तर प्रश्न घड्याळाचा नाही. झोपेच्या आजारांच्या डॉक्टरकडे जायला हवं. मन उदास असल्यानेही झोपेची वेळ आणि प्रत बिघडते. पण हे निदान तुम्ही करायचं नाही. आणि गाडी चालवत येत असेल तर पेंगत चालवू नको, उशीर झाला तरी चालेल, एवढं मात्र आजच सांगा. यात तीन महिने थांबायला नको.

त्याच्याशी बोलताना मूल्यमापन आणि हे बोलणं एकाच दिवशी ठेवू नका. 'तुझं काम चांगलं आहे, सकाळी तुला जड जातं हे माझ्या लक्षात आलंय, मीटिंग अकराला नेतोय, तू कधी येणार ते ठरवून सांग आणि मग ती वेळ पाळ', एवढं पुरे. शेवटचा भाग नरम करू नका. त्याने दहा म्हटलं तर दहाला तो जागेवर दिसायला हवा. आपल्या वेळेने येण्याची मुभा मिळाल्यावरही जो उशिरा येतो, त्याच्या बाबतीत शिस्तीचा रकाना खुशाल वापरा.

आणि तुमची पहाट कुणी हिरावून घेत नाहीये. साडेचार ते अकरा तुमचा सगळ्यात कामाचा वेळ आहे आणि आता तो मीटिंगविना मिळेल. फक्त पाच वाजता सुचलेली गोष्ट पाच वाजताच टीमच्या फोनवर वाजू देऊ नका. मेल आत्ता लिहून नंतर ठरावीक वेळी जावी अशी सोय बहुतेक सगळ्या मेलमध्ये असते. ती अकराची लावून टाका.